उभ्या गाडीची झीज

१

माझी धाकटी कीर्ती लग्न होऊन नवसारीला गेली, त्या वर्षीची ही गोष्ट. वैशाखात लग्न झालं. दिवाळीला ती येऊन गेली आणि मग घरात मी एकटा उरलो. घर म्हणजे काय, बोईसर-तारापूर रस्त्यावर माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आणि त्याच्या मागे एक खोली. बायको जाऊन पुष्कळ वर्षं झाली. संध्याकाळी कारखान्यांची पाळी सुटली की रस्ता माणसांनी भरतो. ती माणसं गेली की मी भात टाकतो. एका माणसापुरता भात मला अजून शिजवता येत नाही. उरतोच.

डिसेंबरात एक पांढरी छोटी गाडी आचके देत दुकानासमोर आली आणि बंद पडली. आतून एक बाई उतरली. तिशी ओलांडलेली, डोळ्यांखाली काळं झालेलं.

"बळवंत तात्या तुम्हीच का?"

"पाटीवरचं नाव पुसलंय, माणूस अजून हाय," मी म्हटलं.

ती हसली नाही. "पेडलवरून पाय काढला की बंद पडते. प्रत्येक गतिरोधकाला पडली. दांडीवरून इथपर्यंत यायला जीव गेला माझा."

"गाडी कोणाची?"

"बाबांची. पुंडलिक तामोरे." मग ती म्हणाली, "ते या गाडीतच गेले."

पुंडलिक तामोरे हे नाव मला माहीत होतं. इथल्याच किनाऱ्यावरच्या दांडी गावचा जुना तांडेल, बोटीचा कप्तान. गेल्या महिन्यात गाडीत मेलेला सापडला असं चहाच्या टपरीवर ऐकलं होतं. टपरीवर लोकांनी पुढेही सांगितलं होतं, की म्हाताऱ्याने स्वतःच जीव दिला. शेडचं दार लावून घेतलं, इंजिन चालू केलं आणि आत बसून राहिला.

मी बॉनेट उघडलं. ती बाजूला उभी राहून बोलत होती, जणू काही इंजिनालाच सांगत होती.

"मी हिमानी. बडोद्याला असते. गणपतीत आमचं भांडण झालं. मी म्हटलं, आई गेली, बोट विकली, आता माझ्याकडे चला. ते म्हणाले, तिथे समुद्र कुठाय? मी म्हटलं, मग राहा समुद्राजवळ एकटे. त्यानंतर मी फोन केला नाही. त्यांनी पण नाही केला." मग म्हणाली, "गावात मला कोणी काही विचारत नाही. नुसतं बघतात. पोलीस म्हणतात, चौकशी चालू आहे. आतेभाऊ म्हणतो, विसर. मला गाडी विकायचीय, तात्या. पण त्याआधी कोणीतरी मला सांगायला पाहिजे. त्यांनी स्वतः केलं का?"

मी वायरमन. गाडीला काय झालंय ते सांगतो. माणसाला काय झालं होतं, ते गाडीवरून सांगता येईल असं तेव्हा माझ्या मनात नव्हतं.

२

पेडल सोडल्यावर इंजिन बंद पडत असेल तर कारणं बरीच असतात. हवेचा रस्ता कचऱ्याने तुंबतो, कुठेतरी नळी फुटते. ते बघून घेतलं, ठीक होतं. मग मी थ्रॉटल सेन्सरकडे वळलो.

आपण पेडल दाबतो तेव्हा इंजिनात हवा सोडणारी एक झडप फिरते. ती किती उघडली, हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळवणारा छोटा डबा म्हणजे थ्रॉटल सेन्सर. त्याच्या आत काळा पट्टा असतो आणि पट्ट्यावरून एक बारीक काटा सरकतो. झडप मिटलेली असली की काटा पट्ट्याच्या सुरुवातीला. पेडल दाबत गेलं की काटा पुढे. पेट्रोल किती सोडायचं ते कॉम्प्युटर या निरोपावर ठरवतो.

समुद्रकाठच्या गाडीत आधी वायरीवर संशय घ्यावा. खारी हवा पिनांना खाते. मी सॉकेट काढलं. पिना हिरवट झाल्या होत्या, त्या साफ केल्या. चावी फिरवली, इंजिन चालू न करता मीटर लावला. तीन वायरी असतात. एकीवर पाच व्होल्ट यायला हवेत, ते आले. दुसरी अर्थिंगची, तीही चांगली. राहिली निरोपाची वायर.

त्यासाठी मी माझा जुना काट्याचा मीटर काढला. आकड्याच्या मीटरवर आकडे भरभर बदलतात, मधला झटका नजरेतून सुटतो. काटा मात्र उडी मारतो ती दिसते.

"आत बसा," मी हिमानीला म्हटलं. "पेडल सावकाश दाबा. अगदी सावकाश."

काटा अर्ध्या व्होल्टपाशी असायला हवा होता. तो तिथे थरथरत होता, मध्येच शून्यावर पडत होता. तिने पेडल जरा दाबलं आणि काटा एकदम शांत झाला. मग लोण्यासारखा वर चढत गेला, वरपर्यंत. कुठे अडखळला नाही.

"आता सोडा. तेवढ्याच सावकाश."

काटा उतरला आणि अगदी खाली आल्यावर पुन्हा पडला.

मी तिला परत दाबायला लावलं, परत सोडायला लावलं. मग सेन्सर काढला आणि त्याचं झाकण पातीने उघडलं. नाही तरी तो आता टाकूनच द्यायचा होता. आतला पट्टा नव्यासारखा काळाभोर होता. फक्त सुरुवातीच्या एका जागी घासून घासून चकाकी आली होती आणि तिथे खाच पडली होती.

"गाडी कोण चालवायचं?"

"मसवणचा एक सुका आहे, टेम्पोवाला. आठवड्याच्या बाजाराला बाबांना बोईसरला आणायचा. एरवी गाडी शेडमध्येच." ती खाली उतरली. "पण पेट्रोल सारखं लागायचं. धर्मेशदादा म्हणतो, माझा आतेभाऊ, सुकाच चोरून विकायचा."

मी मीटरवरचे किलोमीटर बघितले. एवढ्या जुन्या गाडीला फारच कमी. हत्यारं ठेवायला डिकीकडे गेलो, तर डिकीच्या काठाखालच्या फटीत एक अर्धवट सुकलेला बोंबील अडकला होता. मी तो चिमटीत धरून बाहेर काढला.

"मासळी पण न्यायची का गाडी?"

"छे! बाबा टोपलीसुद्धा जवळ येऊ द्यायचे नाहीत. म्हणायचे, आयुष्यभर मासळीत बसलो, आता गाडीला तरी वास नको."

मी बोंबील कागदात गुंडाळून ठेवला. का ठेवला ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

"ऐका," मी तिला म्हटलं. "रस्त्यावर धावणाऱ्या गाडीचा पट्टा जरा पुढे झिजतो, जिथे चालवताना पाय असतो तिथे. हा पट्टा पाय काढलेल्या जागी झिजलाय, आणि फक्त तिथेच. इंजिन चालू, पेडलवर पाय नाही, अशी ही गाडी तासन्‌तास उभी असायची. एक दिवस नाही, वर्षानुवर्षं. त्या थरथरीने हा पट्टा खाल्लाय."

तिने वळून गाडीकडे बघितलं. "म्हणजे बाबा रोज..."

"रोज कोणीतरी तिच्यात बसायचं," मी म्हटलं. "आणि रोज जिवंत उठायचं."

३

सुका मला मसवणला नदीच्या पुलाजवळ टेम्पो धुताना सापडला. पन्नाशीचा, काटक. मी पुंडलिक तांडेलचं नाव काढलं तशी त्याने बादली खाली ठेवली.

"मी पेट्रोल चोरला नाय."

"मी कुठे म्हटलं?"

"सगळं दांडी बोलतं. तो धर्मेश तर माझी कॉलर धरायला आलेला." त्याने फडकं पिळलं. "तुमी कोण? पोलीस?"

"वायरमन. गाडी माझ्याकडे आलीय. सुका, तुझ्यावरचा आळ मला गाडीनेच खोटा दाखवलाय. पेट्रोल इंजिनातच जळलंय, शेडमध्ये, उभ्या उभ्या. तुला ते माहीत होतं."

त्याने बादली नदीत उपडी केली.

"त्यांनी शपथ घातलेली," तो म्हणाला. "बोलले, सुका, कोणाला बोलशील तर गाव हसंल."

"हसण्यासारखं काय होतं त्यात?"

"त्यांना झोप नाय यायची, तात्या. सगळी जिंदगी बोटीवर गेली. खाली इंजिन धडधडतंय, फळी हलते, तवा त्यांना झोप. बोट विकली, बायको गेली, घरात सगळा गप्प. रात रात डोळा लागायचा नाय. एक दिवस मी बाजारात सामान घेतोय तवर गाडी चालूच ठेवलेली. येऊन बघतो तर तांडेल घोरतायत. मी हाक मारली तर बोलले, थांब रे, अजून वसई नाय आली." सुका हसला आणि हसता हसता त्याने डोळे पुसले. "त्या दिवसापासून रोज दुपारी जेवले की गाडीत जायचे. सीट पाडायची, चपला काढून ठेवायच्या, इंजिन चालू करायचा आणि झोपायचा. पेट्रोल मी कॅनने आणून द्यायचो. एवढा मोठा तांडेल, वादळातून बोटी आणलेला, त्याला जमिनीवर झोप येत नाय, हे कोणाला सांगायचा?"

"आणि शेडचं दार?"

"सताड उघडा! गाडी लावताना मला बोलायचे, शेपूट दाराकडे कर, धूर बाहेर गेला पायजे. मी बोललो, दार उघडा हाय ना, कसा पण लावला तर काय? तर मला बोलले, इंजिनाचा धूर मला शिकवतो काय रे पोरा?" सुकाने डोळे चोळले. "अलीकडे धूर काळा यायचा. डोळे चुरचुरायचे. मी बोललो, गॅरेजला दाखवू. बोलले, झोप लागते ना, मंग ऱ्हाऊ दे."

ते बरोबर होतं. सेन्सर खोटा निरोप देऊ लागला की पेट्रोल जास्त सुटतं आणि धूर जहरी होतो. उघड्या शेडमध्ये तोही वाऱ्याने निघून गेला असता.

"त्या दिवशी तू होतास?"

"रविवार व्हता. मी लग्नाचा भाडा घेऊन मनोरला गेलेलो. तिकडे पण आभाळ फाटल्यासारखा पाऊस आला. अवेळी, नोव्हेंबरात." त्याने माझ्याकडे बघितलं. "तात्या, तांडेलने दार नाय लावला. जो माणूस धुरासाठी गाडी फिरवून लावतो, तो दार लावून झोपंल काय?"

सुकाचं म्हणणं मला पटलं. पण मग दुसरा प्रश्न उभा राहिला, आणि तो जास्त वाईट होता. पुंडलिकने दार लावलं नसेल, तर ते कोणीतरी लावलं होतं.

४

नवा सेन्सर बसवला, काटा पुन्हा तपासला आणि हिमानीबरोबर दांडीला गेलो. गाडी आता कुठे अडखळली नाही. वाटेत सुकाचं बोलणं मी तिला सांगितलं. तिने गाडी बाजूला घेतली, तोंडावर हात ठेवून बसून राहिली. मग म्हणाली, "मला एकदा म्हणाले होते, तुझ्या बडोद्याला फार शांत असेल. मला वाटलं, नसतं कारण काढतायत." आणि तिने गाडी पुढे घेतली.

पुंडलिकचं घर किनाऱ्याला लागून. त्याच्या एका अंगाला शेड, आणि शेडच्या पलीकडे त्याच्या मोठ्या बहिणीचं, गोजराबाईचं घर. दोन्हींच्या मध्ये वाळूत बांबूंच्या रांगा उभ्या. त्यांच्या दोरांवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून वाळत घातलेले. मासळी वाळवायची अशी वळण जवळपास दुसऱ्या कोणाची नव्हती.

म्हातारी ओट्यावर बसून सुके बोंबील निवडत होती. हिमानी पुढे झाली, तिच्यासमोर उकिडवी बसली, मग तोंड उघडलं.

"आत्या, हे तात्या. गाडी दुरुस्त केली त्यांनी."

"दिसतंय, दिसतंय," गोजराबाई मोठ्याने म्हणाली. तिची नजर हिमानीच्या ओठांवर होती, मग माझ्या. "पुंडलिकचा गाडा चालला काय? बसा. चा ठेवते."

"आत्याला काहीच ऐकू येत नाही," ती आत गेल्यावर हिमानी म्हणाली. "तोंड बघून सगळं कळतं. पाठ फिरली की संपलं."

मी हिमानीला घेऊन शेडकडे गेलो. तीन बाजूंना भिंती, वर पत्रा, समोर पत्र्याचं एकच मोठं दार. बाहेर उघडणारं. बाहेरून कडी होती, पण गंजून तुटलेली. आतून तर कडी कधी नव्हतीच, साधी दोरी अडकवायला खिळादेखील नव्हता. मी आत गेलो, दार ओढून घेतलं आणि सोडलं. पत्रा मोठा, वारा समुद्राचा. दार करकरत उघडलं आणि भिंतीवर आदळलं. परत ओढलं, परत उघडलं. आणि हा तर रोजचा वारा होता.

दाराबाहेर एक मोठा भोकाचा दगड पडला होता, जुन्या जाळ्याला नांगर म्हणून बांधायचे तसला.

"काय शोधताय?"

दारात एक चाळिशीचा माणूस उभा होता, कारखान्याचा निळा शर्ट घातलेला. हा धर्मेश, गोजराबाईचा मुलगा. मेलेल्या पुंडलिकला पहिल्यांदा त्यानेच बघितलं होतं.

"दार बघतोय. तुम्ही आलात तेव्हा हे लागलेलं होतं?"

"पोलिसांना सांगितलाय मी. लागलेला व्हता. घट्ट."

"पाऊस होता?"

"पाऊस, वारा, सगळा. पत्रे उडत व्हते लोकांचे." त्याने हिमानीकडे बघितलं. "हिमू, तू कोणालाही घेऊन येशील काय? मामा गेला. आता उकरून काय मिळणार हाय?"

"तुला शेडची जागा मिळणार आहे," हिमानी म्हणाली. "पर्यटकांना खोल्या बांधायच्यात ना तुला? बाबा नाही म्हणत होते."

"मी? मी मामाला..." त्याचा चेहरा लालबुंद झाला. "माझी पाळी व्हती त्या दिवशी! कारखान्यात विचार जा. संध्याकाळी आलो मी!"

"ओरडू नका," मी म्हटलं. "चला, आपण जरा वाळूत फिरून येऊ."

"मला नाय यायचा."

मी खिशातून कागद काढला आणि उघडून त्याच्यासमोर धरला. त्याने बोंबील बघितला. मग तो माझ्याबरोबर चालायला लागला.

५

ओहोटी होती. पाणी लांब गेलं होतं.

"घट्ट लागलेलं होतं असं तुम्ही म्हणालात," मी म्हटलं. "ते दार आतून धरून ठेवायला काही नाही. साध्या वाऱ्यात राहत नाही, तर त्या दिवशीच्या वादळात घट्ट कसं राहिलं? बाहेरून कोणीतरी काहीतरी लावलं होतं. तो भोकाचा दगड. पोलीस आले तेव्हा तो दाराला नव्हता, म्हणजे तुम्ही काढलात. काढल्याशिवाय दार उघडलंच नसतं. आणि पोलिसांना ते सांगितलं नाहीत."

धर्मेश चालता चालता पायाने वाळू उडवत होता.

"मला आधी वाटलं, दगड तुम्हीच लावला असेल. पण तुम्ही पाळीवर होतात आणि ते कारखान्यात विचारता येतं. खोटं बोलणारा माणूस असं सांगत नाही. मग हा बोंबील. डिकीच्या फटीत होता. डिकी दाराकडे. पुंडलिक टोपली जवळ येऊ देत नव्हता. म्हणजे तो जागा नसताना, डिकीला लागून, कोणीतरी ओल्या बोंबलांच्या टोपल्या रचल्या. का रचल्या? अवेळी पाऊस आला म्हणून. पाऊस आला की वळणीवरचा माल आधी आत घेतात, मग बाकीचं बघतात. जवळचं छप्पर म्हणजे ही शेड. माल आत ठेवला, कुत्री शिरू नयेत आणि दार आपटू नये म्हणून दगड लावला. इंजिन चालू होतं, पण ते तिला ऐकू येणार नव्हतं."

"बस करा," धर्मेश म्हणाला.

"काचा काळ्या आहेत. सीट पाडलेली. आभाळ अंधारलेलं, धूर वादळी वाऱ्याने उडून जात होता. तिने बघितलं असतं तरी दिसला नसता."

"बस करा, तात्या." तो मटकन वाळूत बसला. "मी दार उघडला तर धूर अंगावर आला. टोपल्या पुढ्यातच. मामाला बाहेर ओढला, तो गार झालेला. आणि मंग माझ्या डोक्यात आला, या टोपल्या आईच्या. आईने लहानाचा मोठा केलाय त्याला. आजी लवकर मेली, आईच्याच कडेवर वाढला तो. मी आधी टोपल्या उचलून ओट्यावर नेल्या, मंग लोकांना हाका मारल्या. आईला बोललो, शेडमध्ये कुत्री शिरलेली, म्हणून माल हलवला."

"आणि लोक म्हणाले, जीव दिला."

"बोलू दे बोललो. मेलेल्या माणसाला काय लागतं?" त्याने माझा हात धरला. "आईला कळला तर ती जगणार नाय. तुमच्या पाया पडतो."

"मेलेल्याला लागत नाही," मी म्हटलं. "पण त्याची मुलगी जिवंत आहे. ती समजते, मी फोन केला नाही म्हणून बाप मेला."

धर्मेशने माझा हात सोडला. हे त्याच्या मनात कधी आलंच नव्हतं, ते त्याच्या तोंडावरून दिसत होतं.

परत येताना मी ठरवलं. मुलीला तिचं उत्तर द्यायचं आणि म्हातारीचं नाव घ्यायचं नाही. एका घरात दोन माणसं कशाला मारायची?

६

ओट्यावर चहा निवत होता. हिमानी उभी राहिली. गोजराबाई तिच्या बाजूला बसली होती, हातात बोंबील.

"हिमानी," मी म्हटलं, "तुझ्या बापाने जीव दिला नाही. हे मी गाडीवर हात ठेवून सांगतो. तो रोजच्यासारखा झोपायला गेला होता. दार उघडं होतं. त्या दिवशी वादळ होतं, वाऱ्याने दार लागलं आणि..."

"वाऱ्याने नाय."

मी दचकलो. मी हिमानीशी बोलत होतो, पण माझं तोंड ओट्याकडे होतं. गोजराबाई माझे ओठ बघत होती.

"आई, तू आत जा," धर्मेश म्हणाला. तो तिच्या पाठीमागे होता, तिला कळलंच नाही.

"वाऱ्याने नाय लागला दार," ती म्हणाली. "मी लावला. दगड पण मीच लावला." मग ती हिमानीकडे वळली. "हा काय बोलला? जीव दिला? कोणी जीव दिला?"

हिमानीने आत्याचं तोंड आपल्याकडे वळवलं आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "गावात सगळे बोलतात, आत्या. बाबांनी स्वतः जीव दिला. माझ्यामुळे."

गावातलं बोलणं म्हातारीच्या कानांपर्यंत कधी आलंच नव्हतं, आणि तिच्या तोंडासमोर येऊन हे बोलायची कोणाची छाती नव्हती.

"माझ्या पुंडलिकला असा बोलतात?" तिचा आवाज चढला. "पंधरवडा घरात रडत बसले मी, मला कोणी सांगितला नाय? धर्म्या! कुठं हाय धर्म्या?"

धर्मेश तिच्यासमोर येऊन बसला. लहान पोरासारखा.

"कुत्री शिरली बोललास मला," ती म्हणाली. "कुत्री शिरली असती तर बोंबील खाल्ले असते. टोपल्या तशाच भरलेल्या व्हत्या. दगड बाजूला पडलेला. मला त्याच दिवशी कळला. तू मला सांभाळतोस, म्हणून मी तुला सांभाळत ऱ्हायले. मला कळलाय हे तुला कळला असता, तर तू रोज माझ्या उशाशी बसला असतास, कामधंदा सोडून." मग ती हिमानीला म्हणाली, "पण पोरी, तुझ्या डोक्यावर हा दगड ठेवलाय, ते मला माहीत नव्हता गो. माहीत असता तर मी वेशीवर उभी राहून वरडले असते."

समुद्राचा आवाज येत होता, तो तिघांनाच ऐकू येत होता.

"तात्या," गोजराबाई म्हणाली, "तुमी गाडा बघितलाय. खरा सांगा. तो झोपेत व्हता काय? उठायची धडपड केली काय त्याने?"

हे मी कुठून सांगणार? मी धर्मेशकडे बघितलं.

"चपला खाली नीट ठेवलेल्या," धर्मेश आईच्या तोंडासमोर म्हणाला. "हात पोटावर. कूस पण बदलली नव्हती, आई."

तिने मान हलवली. बराच वेळ हलवत राहिली. हिमानी तिच्याजवळ सरकली आणि तिच्या मांडीवरची टोपली उचलून बाजूला ठेवली.

"सकाळपासून जेवली आहेस का काही?" तिने विचारलं.

"भूक नाय."

"मला आहे," हिमानी म्हणाली. "वाढ मला."

म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आत गेली. मी चहा तसाच ठेवून निघालो.

७

दुसऱ्या दिवशी गोजराबाई स्वतः चौकीत गेली, हिमानी आणि धर्मेशबरोबर. मला सेन्सर घेऊन बोलावलं होतं. फौजदार तरुण होते. त्यांनी पट्टा भिंगातून बघितला, दार स्वतः जाऊन ओढून बघितलं, सुकाला बोलावून घेतलं. धर्मेशला त्यांनी कडक शब्दांत झापलं, टोपल्या आणि दगड हलवल्याबद्दल, आणि तो खाली मान घालून उभा राहिला. म्हातारीशी बोलताना मात्र ते खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. चौकशी पुढे महिनाभर चालली आणि अपघाती मृत्यू म्हणून संपली.

गाव लगेच गप्प झालं असं नाही. पण गोजराबाई वळणीवर येणाऱ्या प्रत्येक बाईला धरून सांगायची, दार मी लावला, माझ्या भावाला बोलाल तर याद राखा. तिला उलट उत्तर ऐकू येत नसल्यामुळे कोणी वाद घालू शकलं नाही. धर्मेश मसवणला जाऊन सुकाची माफी मागून आला. सुकाने त्याला चहा पाजला आणि तांडेल कसे घोरायचे ते करून दाखवलं.

हिमानीने गाडी विकली नाही. आत्याला दवाखान्यात न्यायला दांडीतच ठेवली. महिन्यातून एकदा बडोद्याहून यायची. कधी दुकानावरून जाताना थांबायची आणि सांगायची, काटा बघा हो तात्या. काट्याला काही झालेलं नसायचं, हे तिलाही माहीत होतं. मी बघायचो. ती आली की भाताचं मला बरं पडायचं.

पुंडलिक तामोरे रविवारी, २६ नोव्हेंबर २०२३ रोजी, दुपारी झोपेत वारले. त्यांची बहीण गोजराबाई पुढच्या पावसाळ्यात, १४ जुलै २०२४ रोजी, दांडीच्या घरी वारल्या. तेव्हा हिमानी त्यांच्याजवळ होती.